हर्षालीच्या बंदुकीला चाप कोणाचा

डिंभे, बुधवार
२३ नोव्हेंबर २००५

ती. बयाअक्कास धाकट्या साळूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळी खुशाल, म्हैस धरून. ओतूरकडची खुशाली, दाजींचा राग आणि तुझ्या सुनेचं शिवणाचं मशीन कसं चाललंय ते कळवावे. पत्र एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देते आहे, कारण पोस्टाचं आपल्याकडे काही खरं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, जोडाक्षर अडलं की हर्षालीला विचारते. पण हे पत्र तिला दाखवण्यासारखं नाही, म्हणून जिथे अडले तिथे सोपा शब्द घातला आहे.

तर परवा सोमवारी पहिला आला तो पारस. तू म्हणशील कोण पारस. अगं, घोडेगावच्या खेमचंद शेटचा मुलगा, ज्यांचं पेठेत खिळे-पत्र्याचं दुकान आहे ते (मूळचे राजस्थानचे जैन, पण तीन पिढ्या इथे गेल्या, गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी पाणी देतात, भाव मागाहून). मोटरसायकलवर मागे खुद्द शेट बसलेले, पांढरी टोपी, मांडीवर पितळी तराजू. मला वाटलं कांदा घ्यायला आले. तर नाही. आपल्या हर्षालीच्या बंदुकीला नवीन चाप घेऊन आले होते. चाप म्हणजे बोटाने ओढतात तो. तो ओढला की बंदूक सुटते.

आता बंदूक म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तू ओतूरभर करशील की साळूची नात वाघ मारते. ही हवेची बंदूक. आत दारू नाही. मुगाएवढा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पडतं. एवढंच. त्यासाठी पुण्याला स्पर्धा भरतात, मेडल देतात आणि वर सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. (आपण जन्मभर गोवऱ्या थापल्या, कोणी बसल्या जागेवरून उठलं नाही.) हर्षाली त्यात लई हुशार. श्रावणात शंभरातले पंच्याण्णव काढायची. पण दिवाळीच्या आधी काय झालं कोणास ठाऊक, चाप दगडासारखा जड झाला. ओढून ओढून पोरीचं बोट लाल, आणि सुटायच्या ऐन वेळी नळी उजवीकडे झुकायची. गुण घसरले ऐंशीवर. आमच्या संपतने (बाप आहे तिचा, पण बोलतो तलाठ्यासारखा) जाहीर केलं, की अकरा डिसेंबरला पुण्यात निवड आहे, त्यात नाव लागलं नाही तर बंदूक माळ्यावर आणि पोरगी डी.एड.ला. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. रडलीही नाही, नुसती बंदूक पुसत बसली. ते मला बघवेना. म्हणून मीच दोन ठिकाणी निरोप धाडले, की कंपनीचा चाप काढून दुसरा चांगला मिळतो का बघा. चूक इथेच झाली अक्का. दोन ठिकाणी निरोप धाडला की दोघंही येतात.

दुसरा आला सोपान मिस्त्री, आळेफाट्याचा लेथ मशीनवाला. ट्रकचा कुठलाही भाग मोडला की हा कंपनीपेक्षा जाड बनवून देतो. त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेला आपला चाप काढला. ट्रकच्या पाट्याचं लोखंड, रुंदीला उलथन्याएवढा. पारसने डबीतून आपला काढला, तो पुण्याहून मागवलेला, सोन्यासारखा पिवळा, मुंगीच्या पायाएवढे दोन स्क्रू, आणि ते फिरवायला नथीच्या तारेएवढी चावी. सोपानने तो तळहातावर घेतला आणि विचारलं, "हे बंदुकीला लावायचं का कानात घालायचं?" पारस म्हणाला, "मिस्त्री, तुमचा लावला तर बंदुकीला पासिंगला न्यावं लागंल." शेट दोघांच्या मधे बसले आणि मला म्हणाले, "काकू, माझी एकच अट. या चापानं पाखरू मारायचं न्हाई." मी म्हटलं, शेट, पोरगी कागद मारते. शेट म्हणाले, "कागद चालंल."

मग परीक्षा. पारस म्हणाला, किती वजनाला चाप सुटतो ते मोजतात. बंदूक नळी वर करून उभी धरायची, चापाला सुतळी बांधायची, सुतळीला वजनं टांगायची. म्हणून तराजू. (पंचावन्न वर्षं दुकानात माप देणाऱ्या माणसाला बंदूकसुद्धा मापूनच पटते.) जुना चाप दोन किलोला हलेना. सोपानने तो खोलून काढला, आतला काळा चिकटा नखाने खरवडून बघितला आणि डोळे मिटून सांगितलं, "कंपनीचं ग्रीस हाय. आटलंय." मिस्त्री बोलला म्हणजे झालं. जुना चाप फळीवर ठेवला. सोपानचा लावला, तो एक किलोला सुटला, पण असा सुटला की ओटा हादरला. मग पारसचा लावला. हर्षाली म्हणाली, रिकामी सोडली तर आतली स्प्रिंग मोडते, म्हणून दर वेळी छर्रा घालायचा, नळी आकाशाकडे. सगळं शिस्तीत. फक्त पारस बंदूक घेऊन दाराच्या चौकटीखाली उभा होता हे कोणी बघितलं नाही, आणि त्याच्या डोक्यावर आपला दृष्टीचा कोहळा टांगलेला. पारस पन्नास ग्रॅमचं वजन शोधतोय तोवर सोपान हसला आणि त्याने मांडीवर थाप मारली. बस्स. वजन लावायच्या आतच चाप सुटला. कोहळ्याला आरपार भोक, आणि पाणी बरोबर शेटच्या टोपीवर.

शेटनी टोपी काढली, झटकली आणि विचारलं, "कोणाला लागलं का?"

"कोहळ्याला," हर्षाली म्हणाली.

"बिया व्हत्या आत?"

"व्हत्या की."

"मग आज रात्रीचं माझं जेवण बंद," शेट म्हणाले. (शेट एरवीही सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत, पण पावण्यांना सगळंच बोलून दाखवू नये.)

दोन्ही चाप हर्षालीने गोठ्यामागे नेमावर लावून बघितले. सोपानच्याने नळी डुलायची, पारसचा तिने श्वास सोडला की सुटायचा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तू सांग." आता मी काय सांगणार, पण बोट लावून बघितलं आणि अक्का, मला एकदम उमगलं. पन्नास वर्षं मी म्हैस काढली आहे. आचळ कधी हिसकायचं नसतं. आधी बोट हलकं टेकवायचं, जरा सैल जातं. मग एका जागी अडतं. तिथे थांबायचं, म्हशीला कळू द्यायचं की आपण आलोय. मग अलगद दाबायचं, की धार. चापाचंही तसंच हवं, मी पोरीला म्हटलं. पारस आचळ म्हटल्यावर डोंगराकडे बघायला लागला. सोपान म्हणाला, "मावशे, यालाच दोन टप्प्यांचा चाप म्हन्त्यात. हे तू कुठं शिकलीस?" मी म्हटलं, गोठ्यात.

मनातला निकाल तुला सांगते. पारसचा चाप म्हणजे चरवी बघूनच पान्हा सोडणारी म्हैस, आणि सोपानचा म्हणजे भाकड. पण तोंडावर कसं बोलणार. एक तराजू घेऊन आलेला, एक कामधंदा बुडवून आलेला. चहा झाल्यावर मी पारसला बाजूला घेऊन म्हटलं, तुझाच बसवू, जरा घट्ट करून. सोपानला रस्त्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हटलं, तुमचाच बसवू, जरा घासून. दोघं खूश होऊन आपापला चाप इथेच ठेवून गेले. संपत घरी आल्यावर म्हणाला, "आई, तू निवडणुकीला उभी राह्य."

घरातल्या लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, दाजींना वेगळा नमस्कार. कोहळा नवीन आणला आहे.

तुझी,
साळू

ता. क. अक्का, हे वाचून झालं की चुलीत घाल. काल सकाळी म्हैस काढून आत आले तर फळीवर मुंग्यांची रांग. कुठे चालल्या बघते तर जुन्या चापावर. कंपनीच्या ग्रीसला कधी मुंग्या लागतात काय? मग माझं मलाच आठवलं. दसऱ्याला संपतने ट्रॅक्टर पुजला, विळे-कोयते पुजले, पण बंदुकीला कोणी हळदकुंकूसुद्धा लावलं नाही. घरातलं शस्त्र उपाशी कसं ठेवायचं? हर्षाली कोणाला हात लावू देत नाही, म्हणून ती कॉलेजात गेल्यावर मी पुजली. हळद, कुंकू, अक्षता, आणि नैवेद्याचा तूपगूळ बोटाने चापाला लावला, आत जाईपर्यंत. तोच गूळ आत आटून घट्ट झाला. चार दाणे तांदूळ पिनेने कोरून काढले, फुगलेले होते.

ता. क. दोन. रॉकेलने धुऊन तो चाप गुपचूप हर्षालीच्या पुढे ठेवला आणि म्हटलं, एकदा हाच लावून बघ. पोरीने संध्याकाळी शहाण्णव काढले. कागदाच्या मधोमध एकच मोठं भोक, जवळपास सगळे छर्रे त्यातूनच गेलेले. आता तिला दुसरा चाप नकोच. संपतने तो कागद हातात घेतला, उजेडाला धरला, आणि जीपचं टायर बदलायला गेला. पुण्याला स्वतः नेणार म्हणतो. एवढा आनंद मला त्याच्या लग्नातही झाला नव्हता. खरं काय ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि या जन्मी सांगणार नाही.

ता. क. तीन. पत्राचं खरं कारण हे, की तू आजारी पड. शनिवारपर्यंत ओतूरहून संपतच्या फोनवर निरोप येऊ दे. आजार कुठलाही चालेल, फक्त मला बोलावून घेण्याइतका मोठा असावा आणि संपत सोबत निघेल इतका मोठा नसावा. चार दिवस राहीन. पारस शेटना घेऊन आणि सोपान बायकोला घेऊन, आपापला चाप बंदुकीला कसा शोभतो ते बघायला येणार आहेत. दोघंही येत्या रविवारी सकाळीच येतो म्हणालेत.