हवेशीर खोली, भाडं माफक

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले बाई एकदाची! बसने हाडं खिळखिळी केली, पण खाली पाय टेकले आणि खारा वारा असा तोंडावर आला की सगळा शीण गेला.

लेक आणि नात चिंगी शनिवारी यायच्या आहेत. जावईबापूंना रजा नाही. मी आधी आले ती हॉटेल पसंत करायला. मागच्या सुट्टीत जावईबापूंनी फोनवर फोटो बघून खोली घेतली होती. फोटोत समुद्र होता, खिडकीत गटार. तेव्हाच मी जाहीर केलं की यापुढे मी गादीवर बसून बघितल्याशिवाय कुणी खोली ठरवायची नाही. जन्मभर शिवणकाम केलं, हातात घेतल्याशिवाय कापडावर कधी भरवसा ठेवला नाही, तो खोलीवर कशी ठेवेन? शिवाय ही सहल नीट व्हायलाच हवी. हे गेले त्याला वर्ष होऊन गेलं, पण लेक अजून सावरली नाही. बाबांची लाडकी ती. माझ्यापाशी बसून दोन अश्रूसुद्धा ढाळले नाहीत तिने, नुसतं स्वतःला कामाला जुंपून घेतलंय.

आज तीन हॉटेलं पालथी घातली. पहिलं अगदी वाळूवर, जिकडेतिकडे काचा. भाडं ऐकलं आणि दिलेलं पाणी पिऊन बाहेर आले. दुसरं स्वस्त, पण गादीला मधोमध असा खड्डा की सकाळी शिडी लावून वर यावं लागेल. तिसऱ्यात मात्र जीव रमला. समुद्रापासून एकच गल्ली आत, दुमजली, फिकट पिवळं, पुढे नारळाची झाडं. मालकीणबाई ठेंगण्या, चष्म्याला दोरी, बोलायला गोड. त्यांनी वरची कोपऱ्यातली खोली उघडली. दोन बाजूंना खिडक्या, वारा आरपार. पंखा कुरकुरत नाही. न्हाणीघर कोरडं, नळाला धो धो पाणी. चादरी जुन्या, पण मऊ. गॅलरीत वेताची खुर्ची. शेजारची खोली लेकीसाठी, मधे दोन्ही खोल्यांना जोडणारं दार. आणि भाडं इतकं कमी की मीच विचारलं, का हो? म्हणाल्या, एकट्या या की दुकट्या, या खोलीचं भाडं तेच.

ह्यांचा निळा शर्ट आणलाय बरोबर. मीच शिवलेला. कपाटात अडकवून ठेवला. उगीच आपला. आपल्या माणसाचं कापड जवळ असलं की खोली परकी वाटत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

झोप कशी लागली म्हणून सांगू! घरच्या पलंगावर कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सकाळी खाली गेले तर माझ्या टेबलावर दोघांची मांडामांड. दोन कप, दोन ताटल्या, पपईच्या फोडीही दोघांपुरत्या. म्हटलं, चूक त्यांची, पपई माझी. सगळी खाल्ली.

मग गावात पायपीट केली. डॉक्टर कोपऱ्यावरच आहेत, औषधांचं दुकान त्यांच्या समोर. किनाऱ्यावर सावली आहे, पाणी बराच लांबपर्यंत उथळ आहे. चिंगीला घोट्याएवढ्या पाण्यातच ठेवायचं, पुढे नाही. परत येऊन मालकीणबाईंशी घासाघीस केली आणि शेजारच्या खोलीचंही भाडं थोडं उतरवून घेतलं. हे असते तर मान खाली घालून लांब उभे राहिले असते. मी भाव करायला लागले की यांना नेहमी दुसरीकडे काहीतरी बघायचं असायचं.

दुपारी खोली आवरणारी बाई आली. हसतमुख, तरुण आहे. साहेबांना आणखी एक उशी हवी का, विचारत होती. मी म्हटलं, कुठले साहेब? ती गोंधळली. म्हणाली, मग दुसऱ्या खोलीतले असतील. पण जाताना उशी ठेवून गेली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे लिहू की नको? लिहितेच. लेकीला काही सांगायचं नाही, म्हणून इथे लिहायचं.

सकाळी दुसरा टॉवेल ओला होता. मी त्याला हातही लावला नव्हता. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथे मी झोपत नाही, तिथे वाळू. मी चप्पल दाराशी काढते, पाय धुऊन आत येते. वाळू आली कुठून?

खाली मालकीणबाई सहज बोलून गेल्या की तुमचे साहेब फारच कमी बोलतात, दुपारभर गॅलरीत खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसतात, आमच्याकडे इतका शांत पाहुणा कधी आला नाही. मी म्हटलं, अहो, माझे साहेब जाऊन वर्ष झालं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. दहादा माफी मागितली, डोळ्यांचा नंबर वाढलाय म्हणाल्या.

भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. वर आले, गॅलरीचं दार उघडलं. खुर्ची रिकामी होती, पण वेत हळूच करकरला, जसं कुणी नीट सावरून बसावं.

मी खाली फरशीवर बसले आणि बोलत सुटले. किती बोलले! वर्षभराचं साचलेलं सगळं. लेकीच्या नोकरीचं, माझ्या गुडघ्याचं, मशीन विकून टाकल्याचं. तुम्ही टकलावर हात फिरवत हसायचात, ते फार आठवतं म्हटलं. चिंगीचा दात पडला, तुम्ही तिला ‘माझी पोपटीण’ म्हणायचात ते अजून विसरली नाही, कुणी पोपटीण म्हटलं की धावत जाते. शनिवारी येताहेत दोघी. सगळं सांगितलं. मन इतकं हलकं झालं की तिथेच डोळा लागला.

आले आहेत हे. माझ्यासाठी आले आहेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी कपाट उघडलं. निळा शर्ट हँगरवर होता, पण ओलसर. हातात घेतला. दोन्ही खांद्यांवरची शिवण उसवलेली. काखेतलं कापड फाटलेलं. बाह्या ताणून ताणून वेड्यावाकड्या झालेल्या. वर्षानुवर्षं ह्यांची मापं घेतली मी. खांदा, छाती, बाही झोपेतसुद्धा सांगेन. लहानखुरी चण होती ह्यांची, माझ्या कानापर्यंतच यायचे. ह्यांच्या अंगात हा शर्ट ढगळ व्हायचा. शिवण अशी उसवते ती फक्त आतलं अंग फार मोठं असलं तर.

आवरणारीला थांबवलं. विचारलं, साहेब दिसतात तरी कसे, सांग. आवाज शक्य तितका साधा ठेवला. ती म्हणाली, उंच आहेत ना खूप. दारातून येताना मान वाकवतात. खुर्चीत बसले की गुडघे पार वर येतात. केस कायम ओले. पहिल्या दिवशी तर तोंडच नीट कळेना, बघितलं तरी लक्षात राहीना. पण काल संध्याकाळपासून साहेब छान बोलायला लागलेत. डोक्यावर असा हात फिरवतात आणि हसतात. आणि आज थोडे बुटकेच वाटले मला, असं म्हणून ती स्वतःच हसली.

मी सांगत गेले आणि तो होत गेला.

ते हे नव्हते. मी कुणापाशी बसून बोलले? कुणाला सांगितलं सगळं?

मालकीणबाईंपाशी गेले, खोली बदला म्हटलं. त्या चष्म्याची दोरी चाळवत म्हणाल्या, या खोलीत एकटं आलेलं माणूस एकटं राहत नाही, एवढंच. आजवर तक्रार कुणी केली नाही. उलट लोक जायला तयार होत नाहीत. मी विचारलं, आणि त्यांना भेटायला जे येतात त्यांचं काय होतं? त्यावर त्या उठून आत गेल्या.

लेकीला फोन लावला. येऊ नका म्हणणार होते. तिने मला बोलूच दिलं नाही. रडत होती. म्हणाली, आई, दुपारी तुझ्या नंबरवरून फोन आला, चिंगीने घेतला. आजोबा बोलले म्हणते, पोपटीण म्हणाले म्हणते. आई, काय करतेस तू तिथे? बरी आहेस ना? मी म्हटलं, बरी आहे, तुम्ही येऊ नका, मीच निघते. ती म्हणाली, अजिबात हलू नकोस, शनिवारची वाट बघत नाही, उद्याच येतो आम्ही. आणि ठेवला.

दुपारी फोन माझ्या पिशवीत होता. मी कुणालाही लावला नव्हता.

शुक्रवार, सकाळ

खालच्या बाकावर बसून रात्र काढली. वर गेले नाही. फोन बंद पडलाय, चालूच होत नाही. आतून पाणी गळतंय त्यातून, खारं.

आवरणारी आताच वरून आली. म्हणाली, साहेबांनी निळा शर्ट घातलाय. छान बसलाय अंगाला.

बस स्टँडवर जाते. तिथेच अडवीन दोघींना. त्याच बसने माघारी. सामान गेलं खड्ड्यात. ही वही आणि पैशांचा बटवा, बस.

शुक्रवार, दुपार

चुकले. चुकले मी—

बस आली, त्यात दोघी नव्हत्या. पुढच्या बसची वाट बघत होते तर आवरणारी धापा टाकत आली. म्हणाली, साहेबांनी बोलावलंय, मुलगी आणि नात गाडी करून आल्या, वर खोलीत आहेत. मी धावले. या गुडघ्यांनी धावले. जिना चढून आत शिरले, चिंगीला हाका मारत—

खोली रिकामी. मागे दार लागलं.

कडी सरकतेय, दार उघडत नाही. बाहेरून कुणीतरी पाठ टेकवून उभं राहावं तसं. मधलं दारही तसंच. गॅलरीचंही. सगळीकडे ओल आहे. ओरडून घसा बसला. आवरणारीला खोटं सांगितलं होतं त्याने. त्या आल्याच नव्हत्या.

पण आता आल्या. गल्लीत गाडी थांबलीय.

खिडकीला गज. लेक उतरली. किती वाळलीय. चिंगी उतरली, टोपी घालून. मी हाक मारतेय, वारा सगळं मागे ढकलतोय—

दार मोकळं झालं असेल का? नाही. दाराच्या फटीतून पाणी येतंय आत.

कुणीतरी पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर गेलं. पाठमोरं. निळा शर्ट. तोच खांदा, तीच मान किंचित कललेली, डोक्यावरचं तेच टक्कल. देवा— मलासुद्धा क्षणभर वाटलं की—

लेकीच्या हातातली पिशवी गळून पडली. ती जागच्या जागी उभी आहे. तो बोलतोय काहीतरी. डोक्यावर हात फिरवतोय. ती रडतेय. आता रडतेय ती, वर्षभरानंतर, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून—

चिंगी धावली. उचललं त्याने तिला.

लेकीने वर बघितलं! मी हात हलवले, गज हलवले, जा म्हटलं, पळा म्हटलं. त्याने तिच्या कानात काही सांगितलं. तिने मान डोलावली. हसून हात केला मला, ये मागून, असा—

समुद्राच्या वाटेला लागलेत तिघं. चिंगी त्याच्या खांद्यावर. चालताना त्याची उंची वाढतेय. लेकीला कसं दिसत नाही? वाढतेय. चिंगीचे पाय आता नारळाच्या झावळ्यांना—

हे पान फाडून खाली टाकते. बटव्याला गुंडाळून, जमेल तेवढं लांब. कुणीतरी उचला. माझ्या लेकीला द्या. निळ्या शर्टाच्या माणसाबरोबर जी चाललीय तिला. पळत जा.

लेकी, मागे फीर. चिंगीला ओढून घे खाली. पाण्यात पाय घालू नकोस. हे तुझे बाबा नाहीत गं, हे—