कडब्याखालची विहीर

७ फेब्रुवारी

निलंग्याकडच्या शाळेची सहल आली. दोन एसट्या. लेण्यांपाशी पोरांचा नुसता कालवा. डोंगराखालच्या आमच्या हॉटेलात (हॉटेल कसलं, चार वासे आणि पत्रे) सुमनची कढई दुपारपर्यंत चुलीवरून उतरली नाही. बेसन संपलं, दुकानातून आणलं, तेही संपलं. सून एकटी, मी नुसता कपबशा विसळायला. रहीमभाईने टांग्यात मास्तरणींना फाट्यावरून आणलं, पोरं चालत आली. कासारणीच्या बांगड्या खपल्या. म्हाताऱ्या बाया बोरं घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या पाट्या रिकाम्या झाल्या.

यंदा पीक नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. तरी आज गावात बऱ्याच घरी चहाचा वास होता. या दगडी देवांपाशी लहानपणी आम्ही शेरडं बांधायचो. आता तेच पोसतात.

१० फेब्रुवारी

लेकाचं, बाबूचं पत्र नांदेडहून. रिक्षा बरी चालली आहे. लिहितो, इथं गुरुद्वाऱ्याला लांबलांबून यात्रेकरू येतात, त्यांच्यावर धोबी जगतो, दूधवाला जगतो, मीही जगतो. आपल्या डोंगराला रविवारची गाडी सुरू झाली तर सांगा. मी रिक्षा देऊन टाकतो आणि येतो. हॉटेल नीट बांधू.

रविवारच्या गाडीचं शाळेतल्या गुरुजींनीच सांगितलं होतं. लातूर आता वेगळा जिल्हा. नव्या जिल्ह्यात बघण्यासारखं काय काय आहे त्याची यादी होणार, त्या ठिकाणी दर रविवारी लातूरहून एसटी. गुरुजींनी आपल्या लेण्यांसाठी अर्ज केला आहे, दोनदा.

पत्र सुमनला वाचून दाखवलं. ‘येतो’ हा शब्द तिने पुन्हा वाचायला लावला.

१३ फेब्रुवारी

जीप आली. धूळ दिसली तसा मी उठून उभा राहिलो.

आमची विहीर झाकलेली आहे. गावाने बसून ठरवलं तसं. बहात्तरच्या दुष्काळात हीच विहीर सरकारी इंजिन लावून उपसून नेली. माझी मोसंबीची बाग गेली, गावही कोरडं राहिलं. म्हणून या वेळी पौषातच वर फांद्या आणि कडबा टाकला. कडबा रहीमभाईने दिला, त्याच्या घोडीच्या, बिजलीच्या वाट्याचा. उजाडायच्या आत बाया एका कडेने घागरी भरतात. आणि जीप आली की कोणीही ‘पाणी नाही’ म्हणायचं.

चष्मेवाला साहेब, पोरसवदा. उतरल्या उतरल्या नमस्कार करून म्हणाला, “बाबा, इथं पाण्याचं कसं?” पुढचं मी ऐकलंच नाही.

“न्हाई साहेब. थेंब न्हाई. कोसावरून डोक्यावर आनतो.”

तोवर सुमनने त्याला पाण्याचा गिलास दिला होता. दोन घोट घेऊन झाले होते. माझं बोलणं ऐकून थांबला. गिलास बाकावर ठेवला. म्हणाला, “राहू द्या. तुमच्या तोंडचं पाणी मी कशाला पिऊ?”

मग वर लेण्यांत गेला. बराच वेळ. खाली आला तेव्हा चेहरा उजळलेला. “काय काम केलंय हो माणसांनी!” वहीत काहीतरी लिहिलं, एकदा वर पाहिलं, एकदा त्या गिलासाकडे. गेला.

मी खूश. वाचलो म्हणालो. उरलेलं पाणी सुमनने तुळशीला घातलं.

२७ फेब्रुवारी

गुरुजींनी पारावर पेपर वाचला. यादी आली. आपला डोंगर नाही. जिथं आलेल्या माणसांना पिण्याच्या पाण्याची सोय आहे तीच ठिकाणं घेतली, असं लिहिलं आहे.

गुरुजी म्हणाले, “आपल्याकडे कुणी बघायलासुद्धा आलं नाही.”

पारावरचा एकजण लगेच, “बघायला कामून येतेल? तुमी अर्ज पाटीवर लिवला असंल, पुसून बी टाकला असंल.”

सगळे हसले. गुरुजी म्हणाले, “दोनदा केला हो.” कोणी ऐकत नव्हतं. जीप आलेली गावाला ठाऊक होती, पण ती पाणी हुडकणारी होती असंच मी सांगितलेलं.

मीही हसलो. हे लिहून ठेवतो. मीही हसलो.

घरी सुमन भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “मामा, त्यो चष्मेवाला त्योच व्हता का?”

“कोन?”

“ज्यानं पानी अर्दं ठिवलं त्यो.”

म्हणालो, मला काय ठाऊक.

६ मार्च

रविवार. कोणी नाही. मागल्या वर्षी या दिवसांत लातूरची नोकरदार माणसं डबे बांधून यायची. आता त्यांना दुसरीकडे बसल्या जागी एसटी नेते. त्यांचं काय चुकलं?

कोणीतरी येईल म्हणून सुमनने... नको. खोडतो. काहीच्या काही लिहितो आहे. दोन वाजता तिने कढईतलं तेल परत डब्यात ओतलं, एवढंच.

बाबूला काय लिहावं?

१५ मार्च

सुमन आजपासून रोजगार हमीच्या कामावर, खडी फोडायला. फाट्याच्या पलीकडे. मी हॉटेलात. दिवसभरात गिऱ्हाईक एक, रहीमभाई. तो टांगा जुंपून फाट्यावर जातो, उभा राहतो, परत येतो. सवय.

कासारणीने पेटारा उचलला, उदगीरला लेकीकडे गेली. बोरंवाल्या म्हाताऱ्या आता खडीवर. एक गाडी आली नाही तर इतक्या चुलींना कळतं, हे मला आधी कळलं नव्हतं. मला वाटायचं, सहल म्हणजे सुमनची भजी.

सुमन आली. हाताला फोड. म्हणालो, पाण्यात बुडव. म्हणाली, “पानी हाय व्हय आपल्याकडं?”

हसून म्हणाली. पण म्हणाली.

२१ मार्च

रहीमभाई विहिरीपाशी उभा होता.

“ग्यानबा, थोडा कडबा काढू का रे? बिजलीच्या बरगड्या दिसून राहिल्यात.”

“नको बाबा. उघडं पडंल. जीप आली म्हंजी?”

“जीप, जीप! तुझ्या सपनात बी जीपच येत असंल. मी तिला हिरवा चष्मा घालतो, म्हंजी धोंडा बी चारा दिसंल तिला.”

स्वतःच हसला आणि गेला. कडबा त्याचा, घोडी त्याची. मी नको म्हणालो. नको म्हणणारा मी कोण?

२७ मार्च

गुरुजी बदली मागणार आहेत. सुमनने ऐकून आणलं. गावात त्यांना आता राम राम कमी झाला आहे. गावच्या यात्रेत त्यांच्या पोराला कोणीतरी ‘अर्ज’ म्हणून हाक मारली.

त्यांच्या घरापर्यंत गेलो. दार उघडं होतं. ते वह्या तपासत होते. “या अण्णा.” बसलो. पाणी दिलं त्यांनी. पिऊन आलो. काही सांगितलं नाही.

३ एप्रिल

रहीमभाई येत्या जनावरांच्या बाजाराला बिजलीला हाळीला नेणार, विकायला. सांगताना टांग्याचा कंदील पुसत होता.

“मग टांगा?”

“कोंबड्या बशिवतो त्याच्यात.”

दुपारी अर्ज लिहायला बसलो. माझी शाळा निजामाच्या राज्यातली, चौथीपर्यंत, तीही उर्दूत. मराठी अक्षर मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. चार कागद वाया घालवले. शेवटी एवढं लिहिलं: ‘साहेब, पाणी आहे. विहिरीला बारमाही झरा आहे. तुम्ही प्यालात ते तिचंच. मी खोटं बोललो. डोंगराचा त्यात दोष नाही.’

कोणाला विचारलं नाही.

६ एप्रिल

लातूरला जाऊन आलो. कचेरी नवी, भिंतींना चुन्याचा वास, टेबलं इकडून तिकडे चालूच. चष्मेवाले साहेब दौऱ्यावर. कारकून भला माणूस. अर्ज दोनदा वाचला.

“आजोबा, पाणी आहे म्हणता?”

“हाय.”

“मग बघा, हा कागद दोन टेबलांवर जाणार. एक यादीवाल्यांच्या, एक टंचाईवाल्यांच्या. पाणी आहे असं लिहून आलं की त्यांना कळवावंच लागतं. ठेवू का परत नेता?”

मागे रांग होती. मागचा म्हणाला, सरका की बाबा.

म्हणालो, ठेवा.

एसटीत बसल्यावर उमगलं. पहिल्यांदा भिऊन बोललो, कोणाला न विचारता. आता धीर करून लिहिलं, तेही कोणाला न विचारता. विहीर माझ्या नावावर आहे, पण पाणी गाव पितं.

७ एप्रिल

पारावर सांगितलं. सगळं. गिलासापासून.

खडीवरून आलेली एक बाई, घमेलं डोक्यावर तसंच, म्हणाली, “म्हंजी आमचं पानी लिवून दिलाव? कुनाला इचारून?” दुसरा म्हणाला, बरं केलं, गाडी तर येईल. तिसरा म्हणाला, इंजिन येईल आधी. भांडण लागलं. गुरुजी उठून उभे राहिले, माझ्याकडे बघत राहिले. रागावतील वाटलं. म्हणाले, “सव्वा महिना झाला, अण्णा.” आणि घरी गेले.

रहीमभाई बिड्या ओढत होता. सगळे गेल्यावर म्हणाला, “माझा कडबा, आन् माझ्याच टांग्याची सवारी गेली. वा रे ग्यानबा! दुश्मनाला बी असा कट सुचला नसता.”

“शिवी दे की.”

“देतो. बिजली इकून आल्यावर. आत्ता तोंडात पानी न्हाई.”

८ एप्रिल

पहाटे बायांनी नेहमीसारख्या घागरी भरल्या. माझ्याशी कोणी बोललं नाही. कालची ती घमेल्यावालीही होती. तिने दोन घागरी जास्तीच्या भरल्या.

१० एप्रिल

कडबा काढला. सुमनने मदत केली. खालच्या पेंढ्या काळ्या पडल्या होत्या, वरच्या चांगल्या. दोन भारे रहीमभाईच्या दाराशी नेऊन टाकले. तो बाहेर आला नाही. बिजलीने आधी वास घेतला, मग खायला लागली. तिला काय ठाऊक हा कडबा कुठे होता.

विहीर उघडी बघून कसंसंच झालं. पाणी खाली गेलं आहे, पण आहे. आभाळ दिसतं त्यात.

बाबूला पत्र लिहिलं. खरं काय ते सगळं. ‘ये’ लिहिलं नाही, ‘येऊ नको’ही लिहिलं नाही.

१४ एप्रिल

रहीमभाई हाळीला गेला नाही. बाजाराचा दिवस उलटला. विचारलं तर म्हणाला, “कडबा संपू दे तुझा. मग बघतो.” शिवी अजून दिलेली नाही. त्याचीच धास्ती आहे.

गुरुजींनी बदलीचा अर्ज मागे घेतला का, हे विचारायची मला हिंमत नाही.

१८ एप्रिल

सकाळी नऊचा सुमार. सुमन आज खडीवर गेली नाही, पाय मुरगळला आहे. हॉटेलात बसली होती. तीच आधी म्हणाली, “मामा, धूळ.”

फाट्याकडून जीप. आमच्याच रस्त्याला वळली. आत कोण आहे ते दिसत नव्हतं. मागे काही बांधलेलं होतं, ताडपत्रीखाली. इंजिन असेल. सामान असेल. यादीवाल्याकडेही सामान असतं. रहीमभाई फाट्यावरच होता. त्याने टांगा जीपमागे टाकला, घोडी दुडकी चालत होती, किती तरी दिवसांनी.

सुमन म्हणाली, “मामा, इचारलं तर काय सांगायचं?”

मी म्हणालो, तू गिलास धू.

तिने गिलास धुतला. मी विहिरीवर गेलो, घागर सोडली, भरून आणली. हातून अर्धं वाटेत सांडलं. तरी गिलास काठोकाठ भरला आणि बाकावर ठेवला, त्याच जागी. वही मांडीवर आहे. जीप वडापाशी आली.