आठवडाभर आधी

ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा खोकला कसा आहे ते आधी कळव. इथे एक गोष्ट घडली आहे, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आमचे बिशपसाहेब पंधरा तारखेच्या बोटीने कायमचे मायदेशी चालले. सव्विसाव्या वर्षी साधे पाद्री म्हणून आले, त्याला चाळीस वर्षं झाली. जाण्याआधी त्यांना एकाच ठिकाणी जायचं होतं. डोंगरावरचं ते चर्च त्यांनी तरुणपणी स्वतः दगड वाहून बांधलं. मागे त्यांच्या बाईसाहेबांची कबर आहे. तिथल्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा होता. दोन दिवस चालून तेवीस फेब्रुवारीला पोचलो, तर दाराला कुलूप आणि चिटपाखरूही नाही. खाली वस्तीत जाऊन विचारू का म्हटलं, तर साहेब म्हणाले, बोलावून आणलेली माणसं नकोत. दोन तास पायरीवर बसले. परत आल्यापासून ताट तसंच परत जातं.

आज तिथल्या पाद्र्यांचं पत्र आलं. दोन मार्चला सगळी वस्ती जमली होती. एकतीस मुलं धुतलेले कपडे घालून अंधार पडेपर्यंत उभी होती. साहेब आमच्यावर रागावले का, असं विचारलं आहे.

ताई, तारीख कळवणारं पत्र मीच लिहिलं होतं. नक्कल काढून पाहिली. दोन मार्च. तीनदा तपासलं होतं, पण तिन्ही वेळा फक्त शुद्धलेखन.

पाद्र्यांचं पत्र माझ्या खिशात आहे. सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर साहेब आपल्याला सगळे विसरले असं समजून जातील. काय करू?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ

ता. १० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खोकला बरा आहे. तुझं डोकं बरं आहे का? लहानपणी दूध सांडलंस की तासभर फरशी पुसत बसायचास, पण आईला सांगायचा नाहीस. अजून तसाच. माझ्या उत्तराची वाट बघत बसला असशील, तर हे वाचून संपायच्या आत ऊठ आणि सांग. नोकरी गेली तर इकडे ये. तुझे मेहुणे म्हणतात, दुकानात सुवाच्य अक्षराचा माणूस हवाच आहे.

जेवत जा.

तुझी ताई

ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तेराला मिळालं, तसाच आत गेलो आणि सगळं सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं, पाद्र्यांचं पत्र कधी आलं? सहाला, म्हणालो. ते बोटांवर दिवस मोजू लागले आणि मोजणं मध्येच सोडलं. सहाला सांगितलं असतं तर जाऊन येता आलं असतं, ताई.

मग ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मुलं किती, ते पुन्हा विचारलं. त्या दिवशी जेवले.

दुसऱ्या दिवशी पाद्र्यांना उत्तर सांगू लागले: चूक माझी, मीच आठवडाभर आधी आलो. मी हात थांबवला. साहेब म्हणाले, मी उद्या जाणार, तुला या माणसांत राहायचं आहे, लिही. मी लिहिलं. त्यांनी सही केली.

काल बोट गेली. धक्क्यावर मी एकटाच होतो. कचेरीतही आता एकटाच आहे. ते उत्तर टपालात टाकलेलं नाही. उद्या पहाटे मी ते घेऊन डोंगरावर निघतो. पाद्र्यांच्या हातात देईन, आणि त्यात जे खोटं आहे ते समोर उभा राहून सांगेन.

पोचलो की लिहितो. तोवर माया असू दे.

तुझा भाऊ