केबलला मारलेला पीळ

सोम., १० नोव्हें.
दौंडहून शिरूरला. बिबट्या पथकाचा वायरलेस तपासायचाय. शुक्रवारी केंदूरच्या उसात गार्ड हरिभाऊंनी मदत मागितली, उत्तर आलं नाही, एकटेच पुढं गेले. बिबट्यानं खांदा फाडला. खापर ऑपरेटर साळवेताईंवर. मी फोन केला तर म्हणाल्या, "दादा, म्या चार डाव उत्तर दिलं हाय." वाटलं, सगळेच असं म्हणतात.

मंगळ., ११
सेट ठणठणीत. अँटेनाच्या केबलला मीटर लावलं. परावर्तन गुणांक ०.७! निम्मी पॉवर माघारी, आणि एवढं परत आलं की जळू नये म्हणून सेट आणखी पॉवर उतरवतो. केंदूरला काय पोचणार, डोंबल?
गच्चीवर गेलो. अँटेना हलवलेली, केबल तोकडी पडली म्हणून पाणबुडी मोटरची वायर जोडतात तसा पीळ मारून वर काळी टेप. डोकंच फिरलं. अरे, या केबलची आतली तार, भोवतीची जाळी, मधलं अंतर, शेवटपर्यंत सारखं लागतं. बिघडलं की लहर तिथूनच मागं फिरते.
फोटो काढले. सांधा कापून पिशवीत टाकला, नीट कनेक्टर बसवला. ०.०५. केंदूर खणखणीत.
पीळ मारणाऱ्या वायरमनला धरलं. "सायेब सोता हुबं हुतं. मीटरचा बीप वाजला की!"

बुध., १२
पथकाचे साहेब: "बीप वाजला म्हंजी जोड पक्का. तुम्ही लिहा, सेट चांगला, ऑपरेटरचं दुर्लक्ष."
म्हटलं, बीप फक्त तार तुटली नाही एवढंच सांगतो.
"मग दुसरा माणूस बघतो."
बघा की! तळपायाची आग मस्तकात. स्वतःचा गाढवपणा झाकायला बाईची नोकरी घालवायची.

शुक्र., १४
रिपोर्ट दिला, फोटोंसकट. साहेबांनी न वाचताच फाइलखाली सरकवला. ताईंच्या खुर्चीवर दुसरीच बाई.
ताईंच्या घरी गेलो. सगळं समजावून सांगितलं, तुमचं उत्तर सांध्यावरूनच परत येत होतं म्हणून. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी तुमाला फोनवर सांगितलंच हुतं की. तवा तुमच्या हातात मीटर न्हवतं, म्हणून खोटं हुतं व्हय?"
मान खाली घालून चहा प्यालो. स्वतःचाच राग आला, साहेबांच्या रागापेक्षा जास्त.
सोमवारी साहेबांपुढं जाऊन बसणार. रिपोर्ट वाचेपर्यंत उठायचं नाही. आणि वाचूनही त्यांनी ताईंवरचं खापर काढलं नाही, तर पिशवीतला सांधा घेऊन त्यांच्या वरच्या साहेबांकडं जाणार.