चॉकलेटच्या भिंतीतला तुझा वाटा

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोकला गेल्यातच जमा आहे, आता फक्त झोपताना येतो.

काल सुट्टी होती, म्हणून कारखान्यातल्या जोडीदाराबरोबर इथलं छोटं संग्रहालय पाहिलं. एका खोलीत चक्क चॉकलेटच्या बोटभर विटांची भिंत होती. ज्यानं त्यानं एक वीट काढायची, अर्धी आपण खायची, अर्धी सोबतच्याला द्यायची. भिंत संपत जाते तशी पलीकडची माणसं दिसू लागतात. हीच म्हणे कला.

मी काय केलं असेल? लहानपणी तू करायचीस तसं, उष्टी होऊ नये म्हणून, वीट शर्टाच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी तोडली. तिथली बाई बघतच राहिली. जोडीदारानं हात पुढे केला, पण तोवर अर्धा तुकडा सवयीनं माझ्या खिशात गेला होता. तुझ्या वाट्याचा.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा वेळेवर जेवतात ना? खरं काय ते कळव, मी खोकल्याचं कळवतो तसं नको.

तुकडा खोलीवर येईपर्यंत वितळला. खिशाला डाग पडलाय. शर्ट धुवायला काढतो आणि परत खुंटीला अडकवतो.

तुझाच,
धाकटा