रूपाली आणि पुलाची बाग

१२ नोव्हें., बुध.
चौथ्या महिन्यात पोटातलं पोर गेलं. दवाखान्यातून आल्यापासून सूनबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. निलेश कंपनीत जातो, येतो, जेवतो. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाय. आज रूपालीला म्हटलं, "साडी नको बदलू, चप्पल घाल." रिक्षाने पुलाच्या बागेत नेलं. गाड्या आता बाजूच्या नव्या पुलावरून जातात. रेल्वेचा जुना पूल तसाच ठेवून भोवती बाग केलीय, वर फळ्या टाकून चालायला वाट. रु. दगडी खांबाला टेकून बसली. शेंगा सोलून दिल्या. खाल्ल्या. बरं वाटलं.

१४ नोव्हें.
परत बाग. पुलाखालची खाडी भरत होती. लातूरकडची पोर, असं कधी बघितलेलं नाय. "आत्या, नदी माघारी का वाहायली?" तिच्याकडे सासूला आत्या म्हणतात. इतक्या दिवसांत पहिलं बोलली. भरती-ओहोटी सांगायला गेले तर माझीच जीभ अडखळली. जन्म अंगणवाडीत शिकवण्यात गेला माझा!

१७ नोव्हें.
आज पायऱ्या चढली. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसलं नि मटकन बसली. मीही बसले, वाटेतच. मुरबे गावची एक बाई थांबली, "बाय, चक्कर आली काय?" म्हटलं, "नाय गं, आमी अशाच बसलोय." रु. हसली. हसता हसता रडायला लागली. बाजूने मालगाडी जात होती, तिच्या आवाजात मोठ्याने रडून घेतलं पोरीने. मी पाठीवर हात ठेवून.

२० नोव्हें.
तिच्या आईचा फोन. रविवारी भाऊ न्यायला येतोय. परत कधी पाठवणार, काही बोलल्या नाय. निलेश म्हणतो, "आई, तू सांग ना तिला थांबायला. तुझं ऐकेल."
ऐकेल, म्हणूनच सांगायचं नाय.


२२ नोव्हें., शनि.
बागेत तिनेच विषय काढला. "आत्या, तुम्ही मला राहा का म्हणत न्हाईत?"
म्हटलं, "तुला आईच्या कुशीत झोपायचंय. मी कशाला आड येऊ? घर तुझंच हाय."
"अन् मी आलेच न्हाई तर?"
"तर मी येईन लातूरला. चहा तर देशील?"
माझा हात धरून अर्ध्या पुलापर्यंत आली. तिथून परत.

२३ नोव्हें.
गेली. पाया पडायला वाकली, मी जवळ ओढली. निलेश स्टेशनवर सोडून आला नि अंगणात नुसताच उभा. विचारलं, काय बोललास तिच्याशी? "काय बोलू? तिला बघितलं की मला पोरच आठवतं." मग हे तिला सांग की, म्हटलं. तिलाही तेच आठवत असणार.

२९ नोव्हें., शनि.
निलेश आज आपणहून बागेत आला माझ्याबरोबर. पुलावर होतो, माझा फोन वाजला. रु. "आत्या, जेवलात का?" मग, "हे फोन करीनातच."
फोन त्याच्या हातात दिला.
फोन कानाला लावून तो पार पलीकडच्या टोकाला गेला. मी अलीकडे बाकावर. आधी नुसता उभा होता. मग हाताने डोळे पुसताना दिसला. मग बोलत होता, बराच वेळ. काय ते ऐकू येत नव्हतं.
वॉचमन शिट्टी वाजवत आला. "आंटी, टाइम हो गया. गेट बंद करना है."
म्हटलं, "थांब रे बाबा जरा. पोरगा सुनेशी बोलतोय."
त्याने पुलाकडे बघितलं, नि शिट्टी खिशात ठेवून माझ्या शेजारी बसला.