कॅमेऱ्यात मी जरा पिवळा दिसतो

८ जानेवारी
आजचा भाग तुफान! ‘बरं आहे ना?’मध्ये पहिल्यांदाच निवेदकाची स्वतःची सोनोग्राफी, तीही लाइव्ह. कल्पना अर्थात माझी. प्रोड्यूसर बाई कुठून तरी पेशंट आणणार होत्या. मी म्हटलं, लोकांना पोटच बघायचंय ना, मग ओळखीच्या माणसाचं बघू देत की!

शर्ट वर, पोटावर थंडगार जेली, शेजारी पोटाचे डॉक्टर. त्यांनी यकृत दाखवलं, पित्ताशय दाखवलं, आणि पुढे कुठेतरी यंत्र फिरवता फिरवता थांबले. गप्प. एक सेकंद, दोन, चार. लाइव्हमध्ये चार सेकंद शांतता म्हणजे आमचं मरणच. मी लगेच उडी मारली, विचारलं, जुळं तर नाही ना? अख्खा स्टुडिओ हसला. डॉक्टर हसले नाहीत. विनोदाचं अंग नसतं काही लोकांना.

ब्रेकमध्ये डॉक्टर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, उद्याच क्लिनिकवर या, एक स्कॅन करू, उशीर नको. ओळखलं मी. टीव्हीवर एकदा झळकले की सवय लागते. वेटिंग रूममध्ये लावायला माझा फोटो हवा असणार.

संकल्प: उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालणे.

१७ जानेवारी
चाललो नाही. बूट चावतात.

बातमी पक्की: एप्रिलपासून संध्याकाळचं मोठं क्विझ सुरू होतंय आणि निवेदक अजून ठरलेला नाही. म्हणजे मीच. चॅनेलने करिअरचा तपशील मागवलाय. एकदा लिहून काढला तर माझा मीच चाट पडलो.

लॉटरीचे आकडे: दोन वर्षं. हवामान: तीन वर्षं. (मी पाऊस सांगितला की लोक बिनधास्त कपडे वाळत घालायचे. हाही एक प्रकारचा विश्वासच.) मुलांच्या कार्यक्रमात बोलक्या बेडकाचा मामा: सहा वर्षं. बातम्या: अकरा महिने. एका मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी वाचताना हसू फुटलं. तपशिलात ‘तांत्रिक कारण’ लिहिलंय. स्वयंपाकाचा कार्यक्रम: नऊ वर्षं, फक्त चव घेण्याचं काम. आणि आता ‘बरं आहे ना?’. काय राहिलंय सांगा! क्विझच.

डॉक्टरांचा फोन आला होता. शूटिंगमध्ये होतो. (नव्हतो. पण सांगायला काय जातंय?)

२ फेब्रुवारी
पट्ट्याला नवीन भोक पाडलं. साडेचार किलो कमी! चालण्याचा परिणाम. अजून चाललो नाहीये, पण मनाची तयारी झाली की शरीर ऐकतं.

ही म्हणाली, ताटात अर्धं उरतं, जेवत का नाही? मी म्हटलं, तुझ्या हाताची चव उतरली. नऊ वर्षं चव घेऊन जगलेला माणूस आहे मी, मला कळतं. हिने ताट उचलून नेलं. पूर्वी असं म्हटलं असतं तर लाटणं घेऊन आली असती.

१४ फेब्रुवारी, दुपारी
कॅमेरामनला झाडलं. मॉनिटरवर मी पिवळा दिसत होतो. चक्क पिवळा! म्हटलं, व्हाइट बॅलन्स लाव, गाढवा. त्याने लावला. तरी पिवळाच. पुन्हा लावला. शेवटी त्याने पांढरा कागद माझ्या चेहऱ्याजवळ धरायला सांगितला आणि मॉनिटर दाखवला. कागद पांढरा, मागची भिंत पांढरी, शेजारच्या पाहुण्या बाई जशा आहेत तशा, आणि मध्ये मी. म्हणजे दिवा फक्त माझ्यावरच खराब पडतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

तो काहीतरी बोलायला लागला. मी बोलू दिलं नाही. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, तशातला तो. असं मी सगळ्यांसमोर ऐकवलं. एकही माणूस हसला नाही. एवढा चांगला टोमणा वाया गेला.

१९ फेब्रुवारी
अंगाला खाज. नवा कोट. धोब्याला बदललं.

२६ फेब्रुवारी
मेकअपवाल्या ताई आज हात थांबवून आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, दादा, चेहऱ्यावर थर चढवू शकते, डोळ्यांच्या आत कसा चढवू? मी बेडकाच्या मामाचा आवाज काढून दाखवला. त्यांचे डोळे भरून आले. जुनी फॅन!

जाता जाता म्हणाल्या, माझ्या भावाचंही असंच झालं होतं. मी म्हटलं, त्यालाही टीव्हीवर घेतलं का? त्या पावडरचे डबे आवरायला लागल्या.

ठरवलं: यापुढे गडद चष्मा. क्विझला स्टाइलही होईल.

५ मार्च
हिने माझ्या नकळत डॉक्टरांची वेळ घेतली होती, उद्या सकाळची. भांडलो. म्हटलं, आत्ता कोणी मला क्लिनिकच्या पायरीवर बघितलं तर बोंबाबोंब होईल, आणि आजारी माणसाला क्विझ देतं कोण? एप्रिल उजाडू दे, सही होऊ दे, मग म्हणशील तिथे येतो. ही म्हणाली, मला क्विझ नको, तुम्ही हवे आहात. बायकांना करिअर कळत नाही.

मग ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. बराच वेळ. पाण्याची केवढी नासाडी!

१३ मार्च
आनंदाचा दिवस! आमचा एडिटर, ज्याला सगळे कात्री म्हणतात, त्याच्या खोलीत सहज डोकावलो तर पडद्यावर मी. लॉटरीतला मी, केस असलेला. मग हवामानातला. मग बेडकाबरोबरचा. कात्री दचकून उभा राहिला, खुर्ची पडली. मी म्हटलं, बस रे, चोरी थोडीच केलीस!

क्विझची जाहिरात गुपचूप बनतेय तर! त्याला विचारलं तर म्हणाला, तसं नाही सर, पंचावन्नच्या पुढच्या सगळ्यांचं एकेक करून ठेवतो, वरून सूचना आहे. फोल्डरचं नाव होतं ‘गरज पडल्यास’. म्हणजे पर्यायी उमेदवारही तयार ठेवलेत. ठेवू देत.

निवेदन वाचलं. भाषा बरी, पण व्याकरण भयंकर. ‘ते प्रेक्षकांचे लाडके निवेदक होते.’ ‘त्यांचा आवाज घराघरांत पोचला होता.’ होते, होता, होती! आजकालच्या पोरांना काळ समजत नाही. बसल्या बैठकीला सतरा ठिकाणी ‘होते’ खोडून ‘आहेत’ केलं. कात्री खाली मान घालून बघत होता. शरम वाटली असेल.

१६ मार्च
ती फिल्म दुसरा कोणीतरी वाचणार असं कळलं. त्याचे न आणि ण सारखेच. स्वतः जाऊन माझ्या आवाजात करून आलो. एका टेकमध्ये ओके! रेकॉर्डिंगवाला बाहेर येऊन माझा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. म्हणाला, सर, घरी जा, आराम करा. लोकांना माझी काळजी वाटते. हीच खरी कमाई.

२८ मार्च
जिना चढताना दोनदा बसावं लागलं. लिफ्टवाल्याची तक्रार केली.

सगळे हल्ली फार गोड वागतात. कॅमेरामन खुर्ची आणून देतो. प्रोड्यूसर बाई, ज्या मला सदानकदा घड्याळ दाखवायच्या, त्या म्हणाल्या, सावकाश बोला, घाई नाही. मनात एकदा पाल चुकचुकली. पण क्विझचा निवेदक म्हटल्यावर वागणारच की असं.

३ एप्रिल
क्विझ त्या न-ण वाल्याला दिलं.

प्रोड्यूसर बाईंनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. म्हणाल्या, चॅनेलने नाही, मीच तुम्हाला नको म्हटलं. रोज चार तास उभं राहायचं काम आहे, तुम्हाला आधी डॉक्टरकडे जायला हवं, जानेवारीपासून ते मला फोन करतायत. मी हसत हसत काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला, स्टुडिओत ‘थांबा’ म्हणून करतात तसा. आणि स्वतः रडायला लागल्या. एवढी कडक बाई!

कोर्टात जाईन म्हणालो. नंतर गाडीत बसल्यावर किल्ली लावता येईना. हिला फोन केला, म्हटलं, ये आणि मला घेऊन जा.

६ एप्रिल
स्कॅन. रक्त. मशीनमध्ये हलू नका, बोलू नका म्हणाले.

९ एप्रिल, सकाळी ११
डॉक्टरांनी काच उजळून फोटो लावला. पेन्सिलीने स्वादुपिंडातली गाठ दाखवली. जानेवारीत ही वाटाण्याएवढी होती म्हणाले, तेव्हा कापून काढता आली असती. आता शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला धरून बसलीय, काढता येणार नाही. मी विचारलं, पिवळेपणाचं काय? ते म्हणाले, आत एक छोटी नळी टाकू, दोन आठवड्यांत पिवळेपणा जाईल, खाजही जाईल. मला एकदम हायसं वाटलं. कॅमेऱ्यात पुन्हा नीट दिसेन म्हणून.

मग कळलं की हिने माझी बाही घट्ट धरली आहे आणि डॉक्टर अजून थांबलेत, मी पुढचं विचारेन म्हणून. विचारलं नाही. हिने विचारलं. त्यांनी उत्तर महिन्यांत दिलं, वर्षांत नाही.

दुपारी ४
घरी आलो. हिने विचारलं, भीती वाटतेय का?

हो म्हटलं.